त्या सालचे पेढे

॥ बिरोबा प्रसन्न ॥
सातारा, रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. तानाजीस आण्णाचा आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. मोबाईलवर पाठवलेलं तू बघतोस, निळ्या खुणा येतात, पण उत्तर येत नाही. पत्र आईच्या हातात पडेल आणि आई ते तुझ्याकडूनच वाचून घेईल. तेव्हा मोठ्यानं वाचावं लागणार. सावकाश वाच, माझं अक्षर तुला शाळेपासून माहीत आहे.

काल आईनं सांगितलं. आटपाडीच्या व्यापाऱ्याकडून तू इसार घेतलास. दिवाळीच्या पाडव्याच्या आत सगळी मेंढरं त्याला द्यायची आणि येणारा पैसा त्रिशृंग होल्डिंग्जच्या शेअरमध्ये घालायचा. मी दोनदा विचारलं, सगळी? म्हणाली, "सगळी. देवाच्या नावानं सोडलेला मेंढा तेवढा ठिवतोय."

आबांनी जाताना वाटणी केली नाही. तू राखायचं, मी निम्म्याचा धनी, असं ठरलं आणि तसंच चाललं. त्या निम्म्याचं मी आज काही बोलत नाही. उन्हातान्हात तू हिंडलास, मी सातारच्या पंख्याखाली बसलो. दोन वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस, का ते मला ठाऊक नाही, तेही आज विचारत नाही. विचारायचं एवढंच की सगळ्या कंपन्या सोडून त्रिशृंगच का?

तुझ्या राजवर्धनला आष्ट्याच्या दुकानात फोन केला. पोरगा मोबाईल विकता विकता बोलत होता. "आण्णा, पीई सहा हाय! धा वर्षं पंचवीसच्या आसपास असायचा. सेल लागलाय सेल. बापूला मीच दाखवलं."

मी म्हटलं, पीई म्हणजे काय रे? तो हसला. त्याचं हसणं बरोबर आहे. मी ज्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं नटबोल्ट मोजतो तो त्रिशृंगचाच. गेटवर तिची तीन शिखरं रंगवली आहेत. ती कंपनी स्वतः काही बनवत नाही. आमचा कारखाना, सिमेंट, वीज, विमा अशा दुसऱ्या कंपन्यांची मालकी तिच्याकडं आहे, त्यांनी कमवायचं आणि हिनं सांभाळायचं. एवढंच मला माहीत. पीईचं कधी कानावर आलं नव्हतं.

समजून घेतो आणि लिहितो. तोवर इसार परत दे असं मी म्हणत नाही. फक्त मेंढरं मेंढवाड्यातून हलवू नकोस.

आईला नमस्कार. तिच्या डोळ्याचे थेंब संपले असतील, राजवर्धनला आणायला सांग.

तुझा
आण्णा


॥ बिरोबा प्रसन्न ॥
सातारा, रविवार, ७ सप्टेंबर

चि. तानाजीस आशीर्वाद.

काल गणपती गेले. आज कॉलनी शांत आहे, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या शेजारी सुभेदार नाथाजी राहतात. फौजेतून आल्यापासून पेन्शनचा निम्मा पैसा शेअरमध्ये घालतात आणि रोज सकाळी चहा पिताना सगळ्या गल्लीला भाव सांगतात. त्यांच्याकडं जाऊन बसलो. "आवं सुभेदार, हे पीई काय असतंय?"

"सोपं हाय. एका शेअरचा भाव घ्यायचा आणि त्या शेअरमागं कंपनीनं वर्षात किती कमावलं, त्यानं भागायचं."

मी ते मेंढीवर बसवून पाहिलं. मेंढी बारा हजाराला सांगितली आणि ती लोकर, कोकरू, खत मिळून वर्षाला दोन हजाराचं देते, तर आकडा आला सहा. म्हणजे मेंढी सहा वर्षांत आपली किंमत फेडते. तीच मेंढी पन्नास हजाराला सांगितली तर आकडा पंचवीस. कुणी घेईल का?

"आता कसं!" सुभेदार म्हणाले. "त्रिशृंगचा भाव बाराशे साठ. गेल्या वर्षाची कमाई दोनशे दहा. सहा! भाऊसो, सहा सालांत पैसा वसूल. तुझा भाऊ तुझ्यापेक्षा हुशार निघाला गड्या."

खरं सांगतो, घरी येताना मलाही तसंच वाटलं. वाटलं की तानाजीनं बरोबर हेरलं, आपण उगीच पत्र लिहिलं. तुझ्या वहिनीला म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "मग तुमचा चेहरा असा का?"

चेहऱ्याचं कारण असं की मला जुने आकडे पाहायची सवय आहे. स्टोअरमध्ये एखादा माल एकदम जास्त दिसला की मी आनंदत नाही, मागची वर्षं उघडतो. सुभेदारांच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर त्रिशृंगची दहा वर्षं पाहिली. बावीस, चोवीस, सव्वीस, असाच आकडा चाललाय. त्याच्या आदल्या साली भाव साडेअकराशे, कमाई सेहेचाळीस, म्हणजे पंचवीस. मधे एकदाच उडालाय. कोरोनाच्या साली कारखाने बंद होते, कमाई बारा रुपयांवर आली. भावही पडला, पण नऊशेपर्यंतच. तर पीई झाला पंचाहत्तर.

हे मला कोड्यासारखं वाटलं. कंपनीचं सगळ्यात वाईट साल आणि त्याच साली आकडा म्हणतोय की ती सगळ्यात महाग आहे. पंचाहत्तर बघून ज्यानं विकलं तो फसला, कारण पुढच्या सालापासून कारखाने सुरू झाले आणि आकडा गुमान पंचविसावर आला. म्हणजे कंपनी महाग झालीच नव्हती, एक साल वाईट होतं इतकंच.

मग मला उलटं सुचलं. वाईट साल जर आकडा फुगवून दाखवतं, तर सहा दाखवणारं साल कसलं असेल? भाव तर पडलेला नाही, उलट वाढलाय. कमाईच एका वर्षात चौपटीपेक्षा जास्त झाली. आमच्या कारखान्यात तर कुणाला बोनससुद्धा वाढवून मिळाला नाही.

मला उत्तर माहीत नाही. शोधतोय. तोवर थांब.

तुझा
आण्णा


॥ बिरोबा प्रसन्न ॥
सातारा, रविवार, २१ सप्टेंबर
सर्वपित्री अमावास्या

तानाजी,

आज आबांचं पान वाढलं. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, खीर. कावळा लवकर आला. नेहमीप्रमाणे तूही तिकडं वेगळं वाढलं असशील.

हे पत्र दोन वेळा फाडून पुन्हा लिहितोय.

मंगळवारी आईचा फोन आला होता. तू रानात होतास. बोलता बोलता मी तिला सांगितलं की ती कंपनी एका सालात चौपट कमावून बसलीय आणि त्याचं कोडं मला सुटत नाही. आईनं क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, "काय इकलं रं त्यांनी?"

मी हसलो. "आये, कंपनी हाय ती. मेंढरं न्हाईत."

"काय का असंना. इकल्याबिगर एका सालात चौपट कसं हुईल? आरं, कोकरं चौपट हुतात व्हय?" मग म्हणाली, "तुला न्हाई कळायचं. तुला त्या साली बी कळलं न्हाई."

"कंच्या साली?"

ती विषय बदलून पावसाचं बोलू लागली. मी पुन्हा विचारलं.

"पेढं धाडलंस त्या साली."

आता दोन्ही गोष्टी क्रमानं सांगतो.

पहिली कंपनीची. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सुभेदारांच्या घरी त्रिशृंगचा वार्षिक अहवाल उघडला. दोघांनी मिळून इंग्रजी लावलं. एकशे बाराव्या पानावर बारीक अक्षरात सापडलं. त्यांनी सिमेंटची कंपनी विकून टाकली आहे, अख्खी. शेअरमागं दोनशे दहा कमाईतले एकशे साठ त्या विक्रीचे. खरी वर्षाची कमाई उरली पन्नास, आणि त्यातलेही बारा सिमेंटनं दिलेले, जे आता येणार नाहीत. उरले अडतीस. विक्रीचा पैसा घरात आहे म्हणून ते एकशे साठ भावातून वजा केले, तर उरलेल्या अकराशेला अडतीसनं भागायचं. एकोणतीस आला. तुला जो सहा दिसतोय तो एकोणतीस आहे, दहा वर्षांच्या चालीपेक्षा महागच. लबाडी कुणी केलेली नाही, सगळं लिहिलेलं आहे. फक्त आकडा त्या पानाचं नाव घेत नाही. सुभेदार कपाळाला हात लावून म्हणाले, "आयला, मी गेल्या महिन्यात घेतलं की रं!"

आता दुसरी.

दोन वर्षांपूर्वी पाऊस गेला. तू दिवाळीआधी मला निम्मे पैसे पाठवलेस. दरवर्षीपेक्षा किती तरी जास्त. सोबत एक शब्द नव्हता. मी इथं बसून ते पैसे पाहिले आणि देवापुढं दिवा लावला. वाटलं, दुष्काळात सुद्धा माझ्या भावानं काय कळप राखलाय! राजवाड्यावरून दोन किलो कंदी पेढे घेतले आणि एसटीच्या पार्सलनं पाठवले. वर चिठ्ठी लिहिली, "असंच साल दरवर्षी येवो."

बावीस मेंढ्या विकल्या होत्यास तू. कोकरं नव्हेत, मेंढ्या. कोकरं देणाऱ्या आया. चारा नव्हता, टँकरचं पाणी पुरत नव्हतं. आई म्हणाली की बाजारातून आलास त्या दिवशी जेवला नाहीस. आणि तिसऱ्या दिवशी माझे पेढे आले.

चिठ्ठी तू कुणाला दाखवली नाहीस म्हणे. पेढे कुत्र्यांना घातलेस. बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असतो तर पार्सल परत पाठवलं असतं.

तानाजी, मला माहीत नव्हतं. बिरोबाची आण. मी फक्त त्या सालचा आकडा पाहिला.

आण्णा


॥ बिरोबा प्रसन्न ॥
सातारा, रविवार, १२ ऑक्टोबर

चि. तानाजीस आशीर्वाद.

दसऱ्याला आईनं फोन लावला तेव्हा तू मागं खाटेवर बसलेला होतास, मला खोकला ऐकू आला. माझ्याशी बोलायचं नाही हे तू पाळलंस. पण आईशी इतक्या मोठ्यानं बोललास की वहिनीनं इकडं स्वयंपाकघरातून विचारलं, भावजींचा आवाज का?

"आये, इचार त्येला, सिमिट इकल्यालं कंच्या पानावर हाय?"

आई म्हणाली, "कंच्या पानावर हाय म्हणतोय."

"एकशे बारा," मी म्हणालो.

"एकशे बारा म्हणतोय."

"ऐकलं. राजाला बगाया सांग." मग पुन्हा, "आये, इचार त्येला, चिठ्ठी कुनी सांगितली हुती लिवायला? नुसतं पेढं आलं असतं तर खाल्लं असतं की."

आई हसायला लागली आणि तिला ठसका लागला. मी इकडं हसलो का रडलो ते सांगत नाही.

राजवर्धननं रात्री मेसेज केला. सापडलं, आण्णा. त्यापुढं एक हात जोडलेलं चित्र. पोराला बोलू नकोस. सुभेदारांनी तीस वर्षं नकाशे वाचले, ते पण फसले.

पण त्याच फोनवर तू पुढं जे आईला सांगितलंस, त्याच्यावर मी दहा दिवस विचार करतोय. "इचार त्येला, सा असंल न्हाई तर एकुनतीस, माझं गुडघं काय म्हनत्यात त्येचा आकडा हाय का कुठं? कालव्याचं पानी आलं, पडीक माळावर डाळिंबं झाली, चौबाजूनं तारा. चरायला न्यावं तर दोन कोस डांबरावरनं. राजा मेंढरांमागं यायचा न्हाई. मग राखू कुनासाटी?"

हे तू मला दोन वर्षांत कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. मी कंपनीची दहा वर्षं उघडून बसलो आणि तुझं एकच साल धरून बसलो होतो, ते बी चुकीचं वाचून.

सुभेदारांकडं आणखी एक गोष्ट कळली, ती सांगतो. अशा सांभाळणाऱ्या कंपन्यांना बाजार नेहमी थोडी कमी किंमत देतो. तिच्या पोटातल्या सगळ्या कंपन्यांची बेरीज शंभर होत असेल तर तिला साठ-सत्तरच मिळतात. मी विचारलं असं का. म्हणाले, "मालक लांब बसतो गड्या. हाताखालचं जनावर किती खरं, बाजाराला काय दिसतंय?" घरी येताना माझ्या मनात आलं की आबांच्या कळपाचा लांब बसलेला मालक मीच की.

तर आता माझं म्हणणं लिहितो आणि मग गप्प बसतो. गुडघ्यांसाठी विकायचं असेल तर वीक. तारांसाठी वीक. त्यात माझं निम्मं धरू नकोस, ते मी देवापुढं बसून सोडलं. पण सहासाठी विकू नकोस. स्वतः आया विकल्यावर तू जेवला नाहीस. ज्यांनी आपल्या आया विकून आकडा सजवलाय त्यांना आपल्या आया विकून पैसे देऊ नकोस.

शेवटी तू म्हणालास, "आये, इचार त्येला, माझं गुडघं चालत न्हाईत. पाडव्याला मेंढरांम्होरं पळनार कोन?"

फोन तुटला. आईनं पुन्हा लावला नाही. मीही लावला नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघतो. पेढे आणत नाही.

तुझा
आण्णा


॥ बिरोबा प्रसन्न ॥
सातारा, रविवार, २६ ऑक्टोबर

चि. तानाजीस आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. मांड्या अजून दुखतात. वहिनी तेल लावून देते आणि हसते.

इथं सगळे विचारतात, पाडव्याला काय केलंत? मेंढरं बुजवली म्हटलं तर कारखान्यातल्या पोरांना कळत नाही. सांगावं लागतं, बाबांनो, दारात लेंड्यांचा ढीग रचायचा, त्यावर झेंडूची फुलं, दूध उतू घालायचं, आणि घरातला माणूस ओरडत पुढं पळणार, मागून सगळा कळप त्या ढिगावरून उड्या मारत येणार. पोरं म्हणतात, मग? मग काही नाही. तेच.

मी पळालो आणि मागं एकही मेंढरू आलं नाही, हे मात्र त्यांना सांगितलेलं नाही.

तुला दिसलं का ते माहीत नाही, पण त्या क्षणी मला फार लाजल्यासारखं झालं. तशी हाक मीही मारली होती. आबांचीच हाक. मेंढ्यांनी माना वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या. निम्म्याचा धनी! सगळी वस्ती हसली. शेजारची बनाबाई तर पदरात तोंड घालून. मग तू लंगडत आलास, खांद्यावरची घोंगडी काढून माझ्या अंगावर टाकलीस आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला सरळ बोललास.

"आण्णा, वास माझा आसू दे. पळ आता."

तू मागून हाक दिलीस, मी पुढं पळालो. पाठीमागं खुरांचा आवाज आला तेव्हा मी वळून पाहिलं नाही. देवाचा मेंढा माझ्या कमरेला घासून पुढं गेला. मी पडलो असतो.

संध्याकाळी तू जे ठरवलंस ते मला पटलं. नर आणि म्हाताऱ्या तेवढ्या व्यापाऱ्याला देऊन त्याचा इसार भागवायचा. आया ठेवायच्या. आपल्या वस्तीवरचा पोरगा बिरदेव तरणा आहे, त्याच्याजवळ स्वतःची दहाच आहेत, त्याला निम्म्यानं राखायला द्यायच्या. तो मेंढरांचा वाडा घेऊन आष्ट्याच्या उसाच्या रानात उतरेल, राजवर्धन तिथंच आहे, रोज बघून येईल. तू पंधरवड्याला एसटीनं जायचं.

"म्हंजे आता तू बी होल्डिंग झालास," मी म्हणालो.

"व्हय की. आणि आपला पीई किती?"

"बिरदेव किती कोकरं दाखवतोय त्याच्यावर."

"त्येनं लई दाखवली तर आदी इचारायचं," आई अंधारातून म्हणाली. "काय इकलं म्हणावं."

तू इतका हसलास की गुडघा धरून बसलास.

मेंढरांच्या पैशातून शेअर घ्यायचे नाहीत असं मी कुठंही म्हटलेलं नाही, हे राजवर्धनला सांग. नरांचे आलेत त्यातले थोडे घालायचे असतील तर घाला. पण दहा वर्षं मांडून बघा आणि बारीक अक्षर सोडू नका. सुभेदार आता रोज मला एक कंपनी आणून देतात आणि म्हणतात, बघ रं, ह्यांनी काय इकलंय का.

एक राहिलं. एसटीत बसवताना खिडकीतून तू म्हणालास, "आण्णा, पेढं धाडायचं आसलं तर आदी इचारून धाड."

काल राजवाड्यावर गेलो होतो. दुकानासमोर उभा राहिलो आणि तसाच परत आलो.

म्हणून विचारतो. धाडू का?

तुझा
आण्णा